रुग्णाला कळवू नये

रेडिएशन संपलं तेव्हा हेमलताबाईंच्या मानेत तांदळाएवढी चिप बसवली होती. गाठ परत आली, की ती घरच्यांच्या फोनवर कळवणार होती. दिवाळीपासून त्यांची बहीण दर आठवड्याला सांगलीहून येऊ लागली, सून न मागता शिरा करू लागली. आज त्यांनी मुलाच्या, सुजयच्या हातातून फोन हिसकावून घेतला. पडद्यावर दिवाळीतल्या तारखेचा लाल ठिपका होता आणि खाली त्यानेच निवडलेली सूचना: रुग्णाला कळवू नये.

“मान माझी, आणि बातमी सांगलीला?”

“तू खचली असतीस, आई.”

“इतके दिवस लाल आहे हे. मग दवाखान्यात का नाही नेलंस मला?”

सुजय चिडूनच म्हणाला, “नेलं असतं तर तुला कळलं असतं.”