केसांतल्या अक्षता

लग्नात तांदूळ उधळायचे नाहीत, हा नवरीच्या सासऱ्यांचा हट्ट होता. "अन्न पायदळी तुडवायला मी मांडव घातलेला नाही," असं त्यांनी भटजींनाही ठणकावलं होतं. त्यामुळे मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांनी अक्षता म्हणून फुलांच्या पाकळ्याच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद नव्या वहिनीचा अंबाडा सोडायला बसली, तर केसांतून तांदळाचे लाल दाणे पडले. तिला हसूच आलं.

"कुणाचा गं हा चावटपणा? बाबांना कळलं तर घर डोक्यावर घेतील!"

वहिनी खाली मान घालून बसली होती.

नणंदेने फणी फिरवली. आणखी दाणे पडले. तिने केस झटकले, पुन्हा विंचरले, तरी दाणे येतच राहिले. मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलला लाल डाग पडले. दाण्यांचं कुंकू अजून ओलं होतं.

कंटाळून तिने फणी खाली ठेवली, आणि मग तिच्या लक्षात आलं. दाणे केसांतून पडत नव्हते, केसांवर पडत होते. तिने वर पाहिलं. वर कोरं छत होतं आणि पंखा बंद होता.

"वहिनी, ऊठ बघू इथून," ती कशीबशी म्हणाली.

"मध्येच कशी उठू, ताई? मंगलाष्टकं चालू आहेत." वहिनीचे दोन्ही हात हार धरल्यासारखे समोर उचललेले होते.

"अगं, लग्न कालच लागलं ना तुझं?"

"ते तुमच्या भावाशी," वहिनी मान वर न करता म्हणाली.