मूकपटातलं वाक्य

पडद्यावरची ती तरुणी म्हणजे आपल्या सासूबाईच, हे सुयिनने पहिल्या मिनिटातच ओळखलं होतं. तिने मांडीवरच्या बाळाला घट्ट धरलं. तिचं लक्ष पडद्यापेक्षा ओल्सनच्या वहीकडे होतं. म्हणे संग्रहालयाचा माणूस. मग सिनेमा सोडून हा शेजारी बसलेल्या सासूबाईंचं तोंड का न्याहाळतोय?

चायनाटाउनात वही घेऊन येणाऱ्याचा भरवसा नसतो. गेल्या वर्षी, बासष्ट साली, वरच्या मजल्यावरच्या मा काकांकडेही असाच एक गोडबोल्या आला होता. काका तरुणपणी विकतच्या कागदांवर, दुसऱ्याच कुणाचा मुलगा म्हणून अमेरिकेत शिरलेले. ते उघडं पडलं आणि त्यांना परत धाडलं. सासूबाईही तशाच आलेल्या, कुणा व्यापाऱ्याची मुलगी बनून. आज हा सिनेमाचं विचारील, उद्या गाव विचारील.

"हा मूकपट चाळीस वर्षं चर्चच्या तळघरात पडून होता," ओल्सन म्हणाला. "सगळा सिनेमा हिच्यावर, आणि हिचंच नाव कुठे नाही. गल्लीतले लोक म्हणतात, या तुमच्या सासूबाई."

"तुम्हाला तर आम्ही सगळ्या सारख्याच दिसत असू," सुयिन म्हणाली.

ओल्सन ओशाळला. त्याने एक तुकडा पुन्हा लावला. नायिका कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. डोळे भरलेले, ओठ भराभर हलताहेत.

"ओठांवरून वाटतं, इथे ती चिनीत बोलते. काय म्हणते, जरा विचारता त्यांना?"

सुयिनने विचारलं. सासूबाईंनी सावकाश चष्मा पुसला.

"सांग त्याला, भात करपला म्हणतेय."

ओल्सनने तेही लिहून घेतलं. मग थोडा वेळ पेन्सिल नुसतीच धरून बसला आणि शेवटी त्याने नोंद केली: नायिका अज्ञात. तेव्हा कुठे सुयिनचा जीव भांड्यात पडला.

घराकडच्या चढावर सासूबाई दम खायला थांबल्या.

"भात कसला, आई? तुम्ही तर पडद्यावर रडत होता."

"डायरेक्टर म्हणाला, रड आणि तोंडाला येईल ते बोल, ऐकतंय कोण." त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. "आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा इमिग्रेशनच्या साहेबाने तीन आठवडे तेच तेच विचारलं होतं. नाव काय, गाव कुठलं, आई कोण. कॅमेऱ्यासमोर त्याच प्रश्नांची उत्तरं दिली मी. फक्त या खेपेला खरी."