डॉक्टरची वाक्यं

व्हँकुव्हरच्या त्या घरात साबुदाणेवड्यांचा वास भरला होता. नोकरी सोडून नट व्हायला निघालेल्या हेरंबला कितीतरी ऑडिशनांनंतर मालिकेत खरी भूमिका मिळाली होती. मुलगा दगावल्याचं आईला सांगणारा डॉक्टर. आज तो भाग लागणार म्हणून त्याच्या आईनं महाराष्ट्र मंडळातली माणसं बोलावली होती. नोकरी सोडल्यापासून त्याच्याशी बोलणं टाकलेले बाबासुद्धा कोपऱ्यात येऊन बसले होते.

प्रसंग आला. पडद्यावर रडणाऱ्या बाईचा चेहरा, त्यावर संगीत आणि कडेला पांढऱ्या कोटातली एक पाठ. डॉक्टरचा एकही शब्द ठेवला नव्हता.

"तूच ना रे तो?" आईनं विचारलं.

"हो."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. हेरंबला वाईटसुद्धा वाटेना. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बशा विसळू लागला. पाणी कढत आहे, हे त्याला हात लाल झाल्यावर कळलं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय सांगत होतास तिला?"

हेरंबनं नळ बंद केला. पाठ केलेली वाक्यं इंग्रजीत होती, पण तोंडून मराठीच आली.

"जरा बसता का? आम्ही सगळे प्रयत्न केले. पण तुमचा मुलगा नाही राहिला."

बाबांनी खुर्ची ओढली आणि ते खरोखरच बसले.

"हे कशाला कापलं त्यांनी?" ते म्हणाले.