दाळीचा प्रश्न

मलकापूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या अश्वजित सरांना एका ऑनलाइन केमिस्ट्री ग्रुपवर लोकांचे प्रश्न दुरुस्त करायचा आणि बंद करायचा अधिकार मिळाला, तेव्हापासून त्यांची मान मोबाईलमधून वर आलीच नाही.

रविवारी सकाळी ‘जिज्ञासू’ नावाच्या कुणीतरी विचारलं, “नव्या बोअरच्या पाण्यात तुरीची दाळ काऊन शिजत नाही?” सरांनी आधी ‘काऊन’चं ‘का’ केलं, मग शेरा मारला, “हा स्वयंपाकाचा प्रश्न आहे, केमिस्ट्रीचा नाही,” आणि प्रश्न बंद केला. नागपूरच्या एका मॅडमनी तो पुन्हा उघडला. “पाण्यातले क्षार केमिस्ट्रीत येत नाहीत का, सर?” त्यांनी विचारलं. सर खवळले. तासभर वाद घातला आणि प्रश्न परत बंद करूनच गडी जेवायला उठला.

पहिल्याच घासाला दाताखाली दाळ कचकन वाजली. सरांनी बायकोकडे पाहिलं. “धम्मशीला, दाळ कच्ची काऊन राह्यली व?”



“मले काय मालूम? सकाळी विचारलं होतं म्या तिथं, तुम्हीच दोनदा बंद केलं.”