संथ गाणं

डीजेच्या ट्रकमागे नाचणारं अकोला. वेणीत अडकलेला सुताचा धागा. हळदीने पिवळी पडलेली गिटार. वरातीच्या गाण्यांनी गाजलेला धम्मदीप त्या गोंगाटाला विटला होता. आईवर, मैनावर, लिहिलेलं संथ गाणं त्याने अमरावतीला घरी येऊन आधी तिलाच ऐकवलं. सूतगिरणीची पाळी करून आलेली मैना त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. “कर ना सुरू.” “संपलं, माय!” तो ओरडला. “मशिनीनं कान खाल्ले, बाबू. तुह्ये ट्रकवाले गाने तरी छातीत वाजत. हे काहून मयतीत बसल्यावानी पुटपुटून राह्यला?” त्याला हसू आलं, मग ते मावळलं. त्याने तिचा खरखरीत तळवा गिटारच्या लाकडावर ठेवला आणि पुन्हा तार छेडली. ती डोळे मिटून बसली. “हां, आता हाताले लागून राह्यलं,” ती म्हणाली. मैना गिरणीत लागली होती, ती हीच गिटार घ्यायला.