नाकाच्या शेंड्यावर

रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधांनी ताईच्या अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पार संपवल्या होत्या. माझ्या हाडांतला मगज तिला चढवला होता, पण तो रुजल्याचं चिन्ह काही दिसेना. ती काचेच्या खोलीत, मी बाहेर; बोलणं काय ते फोनवर.

आज सकाळी तिच्या नाकाच्या शेंड्यावर लालबुंद पुटकुळी आली. आता जंतूंनी गाठलंच हिला, म्हणून मी धावत जाऊन नर्सला बोलावलं. डॉक्टरीणबाई आत धावल्या, बॅटरी मारून वाकून बघितलं आणि काचेबाहेर ऐकू येईल एवढ्याने ओरडल्या, "अगं, पू झालाय! पू!"

नर्सने टाळ्याच पिटल्या. पू झाल्यावर टाळ्या? मी काचेवर टकटक केली.

बाई बाहेर आल्या. "अहो, पांढऱ्या पेशी लढल्याशिवाय असा पू होतच नाही. तुमचा मगज रुजला! तुमच्या पेशी तिकडे कामाला लागल्यात!"

दुपारी रक्ताच्या रिपोर्टनेही तेच सांगितलं. मी आणि वॉर्डबॉयने तिथल्या तिथे फुगडी घालायचीच बाकी ठेवली होती.

तेवढ्यात काचेपलीकडून ताईचा फोन आला.

"जन्मभर माझ्या नाकी नऊ आणलेस, आता थेट नाकावरच चढून बसलास होय रे!"