दीड किलो

मिस्त्रीने पाना व्हॉल्व्हला लावला आणि तोंड बाजूला वळवलं. तीस वर्षांची सवय. बंद पडलेला एसी भिंतीवरून उतरवायचा, तर आधी आतला गॅस हवेत सोडायचा. दोन मिनिटं फुस्स, की काम मोकळं.

“बाबा, थांबा.”

मुलगी दोन जिने चढून आली होती. खांद्यावर गॅस ओढून घ्यायचं मशीन, हातात रिकामी टाकी. ‘तुझं खूळ, तुझा खांदा,’ असं त्याने तिला खालीच सांगून टाकलं होतं. हत्यारांची पिशवी तेवढी त्याने स्वतः आणली. त्या पिशवीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे.

“अर्धा तास लागेल,” ती म्हणाली.

“अर्धा तास?” सलूनवाला वस्तरा धरूनच वळला. “अहो ताई, गिऱ्हाईक असं घामाघूम झालंय, की दाढीला पाणी लावायची गरज उरली नाही.”

खुर्चीतलं गिऱ्हाईक हसलं. मिस्त्री हसला नाही.

“एवढ्याशा गॅसने आभाळ तापतं होय? तीस वर्षं सोडतोय मी.”

“म्हणूनच म्हणते. एवढा गॅस सोडणं म्हणजे मोटार वर्षभर पळवल्यासारखं. लोकांना गारवा द्यायचा आणि बाहेरचं ऊन वाढवायचं, हा कसला धंदा?” तिने टाकी खाली ठेवली. “आज सोडलात, तर उद्यापासून मी तुमच्याबरोबर कामाला यायची नाही.”

पाना तसाच राहिला. पोरगी आईच्या वळणावर गेली होती. बोलेल ते करेल.

“लाव तुझं,” तो म्हणाला.

मशीन घरघरत राहिलं. सलूनवाला वर्तमानपत्राने गिऱ्हाइकाला वारा घालत राहिला. शेवटी मशीन थांबलं, तसा मिस्त्रीने नट सैल केला आणि सवयीने तोंड वळवलं.

आवाज आलाच नाही.

मुलीने टाकी वजनकाट्यावर ठेवली, रिकाम्या टाकीचं वजन वजा केलं. “दीड किलो.”

मिस्त्रीने टाकी उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

“वजन असतं होय याला,” तो म्हणाला.

नवा एसी बसल्यावर त्याने मशीन स्वतःच्या खांद्यावर घेतलं. जिन्याशी थांबला आणि मागे न बघता म्हणाला,

“पिशवी घे तू.”